साक्षीदार दोन, फोटो एकही नाही

फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या डॉकलँड्स भागात आयआरएने, म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मीने, ट्रकमधून जो बॉम्ब फोडला, त्यातला मुख्य ऐवज शेतात घालायचं खत होता. त्याच वर्षी जूनमध्ये मँचेस्टरच्या बाजारपेठेचा मधला भाग ज्या स्फोटाने उद्ध्वस्त झाला, तोही असाच घरी कालवलेल्या मालाचा. ज्या संघटनेला शेतकी दुकानातल्या पोत्यांच्या जोरावर शहर हादरवता येतं, तिच्याकडून रायफली जमा करून घेऊन काय साधणार? तांत्रिकदृष्ट्या फारसं काही नाही. रायफली पुन्हा विकत घेता येतात आणि खताचं उत्पादन कुणी बंद करत नाही. तरीही उत्तर आयर्लंडमधली शांतता जवळजवळ दहा वर्षं याच एका मुद्द्यावर अडून बसली होती. सरकार स्थापन झालं आणि स्थगित झालं, पुन्हा बसलं आणि पुन्हा गेलं, एका नोबेलविजेत्याचं राजकारण संपलं, आणि हे सगळं झालं जमिनीखाली दडवलेल्या, बहुतेकांनी कधी न पाहिलेल्या हत्यारांपायी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेचा मोठा भाग पुढे स्वतंत्र झाला. ईशान्येचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे बहुसंख्य प्रॉटेस्टंटांना ब्रिटनशी जोडलेलं राहायचं होतं, अल्पसंख्य कॅथलिकांपैकी बहुतेकांना अखंड आयर्लंड हवं होतं. १९६९ पासून पेटलेल्या संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसं मेली. पंधरा-सोळा लाख वस्तीच्या प्रदेशात हा आकडा प्रचंड आहे. त्यांतले जवळजवळ निम्मे बळी अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या आयआरएच्या नावावर जमा आहेत. प्रॉटेस्टंटांच्याही सशस्त्र संघटना होत्या, त्यांनीही शेकडो माणसं मारली. पण साठ्याच्या बाबतीत आयआरएची बरोबरी कुणी करू शकत नव्हतं.

कारण तो साठा एका देशाने पुरवला होता. लिबियाच्या गद्दाफीने १९८० च्या दशकाच्या मध्यात जहाजांनी आयआरएला रायफली, जड मशीनगन आणि सेमटेक्स नावाचं स्फोटक पाठवलं. पाचवी खेप घेऊन येणारं ‘एक्सुंड’ हे जहाज नोव्हेंबर १९८७ मध्ये फ्रेंचांनी पकडलं. त्यावर दीडशे टनांच्या आसपास माल निघाला, तेव्हा कुठे ब्रिटिश आणि आयरिश सरकारांना कळलं की आधीच्या चार खेपा सुखरूप पोहोचल्या आहेत. हा माल मुख्यतः सीमेच्या दक्षिणेला, म्हणजे आयरिश प्रजासत्ताकाच्या हद्दीत, शेतांखाली बांधलेल्या बंकरांत गेला.

आयआरएची आणखी एक वडिलोपार्जित सवय होती. ती हरायची, थांबायची, पण हत्यारं कधी कुणाच्या हाती द्यायची नाही. १९२३ मध्ये आयरिश यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांचा पराभव झाला, तेव्हा त्यांच्या सेनापतीने, फ्रँक एकनने, शरणागतीचा नव्हे तर शस्त्रं पुरून ठेवण्याचा हुकूम दिला. नऊ वर्षांनी, १९३२ मध्ये, त्याच पराभूत बाजूचे डी व्हॅलेरा निवडणूक जिंकून सत्तेवर आले आणि एकन चक्क संरक्षणमंत्री झाला. म्हणजे डब्लिनच्या सरकारात बसलेल्या एका मोठ्या पक्षाचे पूर्वज शस्त्रं न देता, लपवून, लोकशाहीत आले होते. १९६२ मध्ये सीमेवरची मोहीम फसली तेव्हाही पुन्हा तसाच हुकूम निघाला. या परंपरेत वाढलेल्या माणसाला ‘बंदुका सरकारजमा कर’ म्हणणं म्हणजे आजोबांनी जे केलं नाही ते तू कर असं सांगणं होतं. बेलफास्टच्या भिंतींवर रंगवलेलं असायचं: एक गोळीही नाही, एक औंसही नाही.

३१ ऑगस्ट १९९४ ला आयआरएने युद्धविराम जाहीर केला. जॉन मेजर यांच्या सरकारने विचारलं, कायमचा का? उत्तर गुळमुळीत आलं. मार्च १९९५ मध्ये ब्रिटिश मंत्री पॅट्रिक मेह्यू यांनी वॉशिंग्टनमध्ये अट मांडली की चर्चेच्या टेबलावर बसण्याआधी आयआरएने थोडी तरी हत्यारं प्रत्यक्ष निकामी करून दाखवावीत. माझ्या मते सगळा घोळ इथे सुरू झाला. ‘थोडी तरी’ हत्यारं गेल्याने कुणाचाही जीव सुरक्षित होणार नव्हता. मागितली जात होती ती मान तुकवल्याची खूण. आणि आयआरएने नेमकं तेच ओळखलं. तोडगा काढायला अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांना बोलावलं. जानेवारी १९९६ च्या अहवालात त्यांनी मधला मार्ग सुचवला की चर्चा आणि निःशस्त्रीकरण बरोबरीने चालू द्या. मेजर यांनी त्याऐवजी निवडणुकांचा मुद्दा पुढे आणला. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच डॉकलँड्सचा तो ट्रक फुटला. दोन माणसं मेली, युद्धविराम संपला.

जुलै १९९७ मध्ये युद्धविराम पुन्हा जाहीर झाला, तेव्हा टोनी ब्लेअर सत्तेवर आले होते आणि शिन फेन या आयआरएच्या राजकीय पक्षाला शस्त्रांची पूर्वअट न घालता चर्चेत घेतलं गेलं. १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार हा त्या चर्चेचा शेवट. त्यात हत्यारांबद्दल जे कलम आहे ते वाचताना वकिली कौशल्याला दाद द्यावीशी वाटते. सर्व पक्षांनी आपलं वजन वापरून सार्वमतानंतर दोन वर्षांत सर्व सशस्त्र संघटनांची हत्यारं निकामी करवून घ्यावीत, एवढंच. वजन वापरायचं, करायचं असं नाही. आणि न झाल्यास काय, हे कुठेच नाही. शिन फेन म्हणणार, आम्ही वेगळे, आयआरए वेगळी, आम्ही प्रयत्न करतोय. मे महिन्यातल्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के लोकांनी करार मान्य केला. मुदत पडली मे २०००.

हत्यारं नेमकी कुणी घ्यायची, यावर मात्र आधीच डोकं लढवलं गेलं होतं. ब्रिटिश लष्कराला दिली तर ती शरणागती. पोलिसांना द्यावीत, तर त्या पोलीस दलात तेव्हा जेमतेम आठ टक्के कॅथलिक होते. आयआरएच्या लेखी ते दल म्हणजे प्रतिपक्षच. राज्यसंस्थेची जी व्याख्या मॅक्स वेबरने केली, की कायदेशीर बळ वापरण्याचा मक्ता फक्त तिचा, ती इथे लागूच पडत नव्हती, कारण मक्ता कुणाला द्यायचा यावरूनच तर तीस वर्षं रक्त सांडलं होतं. आपल्याकडे १९६० मध्ये विनोबांच्या आणि १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या उपस्थितीत चंबळच्या दरोडेखोरांनी बंदुका खाली ठेवल्या, तेव्हा त्या पोलिसांच्या पायाशी ठेवल्या नाहीत, हा योगायोग नव्हता. ज्याच्याशी वैर नाही, ज्याच्यापुढे वाकण्यात कमीपणा नाही, असा तिसरा माणूस मध्ये लागतो.

उत्तर आयर्लंडने संत न शोधता आयोग नेमला. ऑगस्ट १९९७ मध्ये ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी मिळून स्वतंत्र आंतरराष्ट्रीय निःशस्त्रीकरण आयोग स्थापला. प्रमुख जॉन द शॅस्टलेन: रुमानियात जन्मलेले, स्कॉटलंडमध्ये शिकलेले, कॅनडाचे माजी सरसेनापती. सोबत फिनलंडचे एक ब्रिगेडियर आणि अमेरिकेचा एक मुत्सद्दी. म्हणजे तिघेही बाहेरचे. त्यांच्या कामाला कायद्याचं कवच होतं. हत्यार निकामी करण्यासाठी ते बाळगणाऱ्यावर, आणून देणाऱ्यावर खटला नाही. त्या हत्याराची न्यायवैद्यक तपासणी नाही. त्यावरून मिळालेली माहिती कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. या शेवटच्या दोन तरतुदींकडे त्या वेळी फारसं कुणी पाहिलं नाही. एखाद्याच्या बापाला ज्या बंदुकीने मारलं, ती बंदूक आणि तिच्यावरच्या खुणा एकदमच नष्ट होणार होत्या. शांततेच्या हिशेबात ही रक्कम मृतांच्या नातेवाइकांच्या खात्यातून वळती झाली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

करारानंतर दीड वर्षात आयआरएकडून एक पिस्तूलही आलं नाही. डिसेंबर १९९८ मध्ये एका छोट्या प्रॉटेस्टंट गटाने काही बंदुका कॅमेऱ्यांसमोर कापून घेतल्या, तेवढंच. दरम्यान करारानुसार तुरुंगातले कैदी सुटत होते. प्रॉटेस्टंटांच्या सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांना घरच्या टीकेला तोंड देणं अवघड जात होतं. नेमस्त कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्याबरोबर त्यांना १९९८ चं शांततेचं नोबेल मिळालं होतं, पण नोबेल समितीला उत्तर आयर्लंडमध्ये मतं नसतात. नोव्हेंबर १९९९ च्या अखेरीस त्यांनी शिन फेनसोबत सरकारात बसायला पक्षाला राजी केलं आणि जाहीरपणे शिन फेनचे नेते जेरी अॅडम्सना सांगितलं की आम्ही उडी मारली, आता तुमची पाळी. डिसेंबरच्या सुरुवातीला शिन फेनसह मंत्रिमंडळ बनलं. मार्टिन मॅकगिनेस, एकेकाळचा आयआरएचा कमांडर, शिक्षणमंत्री झाला. आयआरएने उडी मारली नाही. ११ फेब्रुवारी २००० ला लंडनने ते सरकार स्थगित केलं.

कोंडी फुटली ती एका हुशार कल्पनेने. मे २००० मध्ये आयआरएने सांगितलं की काही साठे बाहेरच्या माणसांना दाखवू, आणि ते वापरले गेले नाहीत याची खात्री ते वेळोवेळी करून घेऊ शकतील. निवडलेली माणसं होती फिनलंडचे नुकतेच निवृत्त झालेले राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी आणि दक्षिण आफ्रिकेच्या वाटाघाटी गाजवलेले सिरिल रामाफोसा. यातला एक युरोपीय मुत्सद्दी, ज्याच्यावर लंडनचा भरवसा. दुसरा वर्णद्वेषाविरुद्धच्या सशस्त्र लढ्याच्या बाजूचा, ज्याच्यापुढे बंकर उघडण्यात आयआरएला अपमान वाटणार नव्हता. त्या दोघांना गुप्तपणे बंकरांपर्यंत नेण्यात आलं. जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं की बराच मोठा साठा पाहिला, तो सुरक्षित आहे आणि आम्हाला न कळता त्यातलं काही काढता येणार नाही अशी व्यवस्था केली आहे. हत्यारं आयआरएचीच, आयआरएच्याच ताब्यात, पण आता कुलपावर परक्यांची नजर. एक वर्षात त्यांनी तीनदा पाहणी केली. दिलं काहीच नाही, तरी काहीतरी सुटलं होतं.

प्रत्यक्ष हत्यारं नष्ट व्हायला मात्र न्यूयॉर्कचे मनोरे पडावे लागले. ऑगस्ट २००१ मध्ये तीन आयरिश प्रजासत्ताकवाद्यांना कोलंबियात अटक झाली. तिथल्या ‘फार्क’ गनिमांना प्रशिक्षण दिल्याचा आरोप होता, आणि फार्क अमेरिकेच्या काळ्या यादीत होती. पुढच्याच महिन्यात ११ सप्टेंबर झालं. अमेरिकेतल्या आयरिश वंशाच्या लोकांकडून वर्षानुवर्षं मिळणारी सहानुभूती आणि पैसा हे शिन फेनचं मोठं बळ होतं, आणि त्या अमेरिकेत आता सशस्त्र संघटनेविषयी कुणी मवाळपणे बोलायला तयार नव्हतं. २३ ऑक्टोबर २००१ ला आयआरएने पहिल्यांदा काही हत्यारं निकामी केली. द शॅस्टलेन यांनी पाहिलं आणि तेवढंच सांगितलं. किती, कुठे, कशी, काही नाही. लगोलग ब्रिटिशांनी दक्षिण आर्माच्या डोंगरांवरचे टेहळणी मनोरे उतरवायला घेतले. दुसरी खेप एप्रिल २००२ मध्ये झाली.

तिसरी खेप ही या प्रकरणातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट आहे. २१ ऑक्टोबर २००३ चा दिवस आधीच तासातासाने आखलेला होता. सकाळी लंडन निवडणुका जाहीर करणार, मग अॅडम्स बोलणार, मग आयआरए दुजोरा देणार, मग आयोगाचा अहवाल, मग ट्रिंबल म्हणणार की आम्ही समाधानी. ब्लेअर आणि आयरिश पंतप्रधान बर्टी अहर्न बेलफास्टजवळच्या हिल्सबरोमध्ये येऊन थांबले होते. पहिले अंक ठरल्याप्रमाणे पार पडले. मग दमलेले द शॅस्टलेन पत्रकारांसमोर आले. त्यांनी सांगितलं, या वेळचा साठा आधीपेक्षा मोठा होता, त्यात स्वयंचलित शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं होती. किती? सांगता येत नाही, आयआरएने गोपनीयतेची अट घातली आहे. खरोखर मोठा साठा गेला होता असं पुढे ब्लेअर यांनीही सुचवलं. पण टीव्हीवर लोकांना दिसलं ते एवढंच की प्रामाणिक म्हातारा सेनानी उत्तरं देऊ शकत नाही. ट्रिंबल यांनी तिथल्या तिथे पाऊल मागे घेतलं. निवडणुका मात्र जाहीर होऊन बसल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये त्यात ट्रिंबल यांचा पक्ष मागे पडला आणि इयन पेझ्ली या कट्टर पाद्र्याचा पक्ष प्रॉटेस्टंटांत पहिला आला. कॅथलिक बाजूला शिन फेनने ह्यूम यांच्या पक्षाला मागे टाकलं.

इथे थोडं थांबून हिशेब पाहायला हवा. गुप्ततेमुळे आयआरएचं नाक वाचलं, म्हणजे तिच्यातला मोठा गट फुटून वेगळा झाला नाही, म्हणजे हत्यारं पुढे जाऊ शकली. अॅडम्स आणि मॅकगिनेस यांनी ज्या धीम्या गतीने आपली माणसं सोबत ठेवली, ती गती त्यांच्या बाजूने अचूक होती. पण त्या गतीची किंमत त्यांनी दिली नाही. ती दिली समोरच्या बाजूच्या त्या माणसाने, ज्याने पहिली उडी मारली होती. २००५ मध्ये ट्रिंबल स्वतःची संसदेची जागाही हरले. नेमस्त कॅथलिकांचंही तेच झालं: ज्यांच्याकडे बंदुका कधीच नव्हत्या, त्यांच्याकडे लंडनला देण्यासारखं काही उरलं नाही.

डिसेंबर २००४ मध्ये पेझ्ली आणि शिन फेन यांच्यात करार जवळजवळ झाला होता. पेझ्ली यांनी फोटो मागितले. हत्यारं नष्ट होतानाचे फोटो, आणि ते छापायचेही. त्याआधीच्या एका भाषणात ते म्हणाले होते की आयआरएने गोणपाट नेसून, राख फासून, सर्वांदेखत पश्चात्ताप केला पाहिजे. तेवढं पुरे झालं. फोटोंवरून बोलणी मोडली. काही दिवसांनी बेलफास्टच्या नॉर्दर्न बँकेतून सुमारे २६५ लाख पौंड लुटले गेले. दोन्ही सरकारांनी आयआरएकडे बोट दाखवलं, आयआरएने इन्कार केला. जानेवारी २००५ मध्ये एका पबजवळ आयआरएच्या माणसांनी एका कॅथलिक तरुणाला भोसकून मारलं आणि साक्षीदारांना गप्प बसवलं. त्याच्या बहिणी गप्प बसल्या नाहीत. सेंट पॅट्रिक दिनाला व्हाइट हाउसने त्यांना बोलावलं आणि अॅडम्सना बोलावलं नाही. लिबियाच्या रायफली लढाईसाठी होत्या. आता संघटनेची ताकद स्वतःच्याच वस्तीवर दादागिरी करण्यात वाहत होती, आणि ती वस्ती हे बघत होती.

२८ जुलै २००५ ला आयआरएने सशस्त्र मोहीम संपल्याचं जाहीर केलं. निवेदन एका माजी कैद्याने तोंडावर बुरखा न घालता कॅमेऱ्यासमोर वाचलं. २६ सप्टेंबरला द शॅस्टलेन यांनी सांगितलं की आयआरएची सर्व हत्यारं निकामी झाली: रायफली, मशीनगन, उखळी तोफा, क्षेपणास्त्रं, पिस्तुलं, स्फोटकं. साठा सुरक्षा दलांच्या अंदाजाशी जुळतो, असंही. आणि फोटोंच्या जागी दोन धर्मगुरू होते. एक फादर अॅलेक रीड, ज्यांनी पडद्यामागे वर्षानुवर्षं निरोप पोहोचवले. दुसरे मेथडिस्ट चर्चचे माजी प्रमुख रेव्हरंड हॅरल्ड गुड. दोघांनी सगळं डोळ्यांनी पाहिल्याची ग्वाही दिली. पेझ्ली यांनी नाक मुरडलं. यादी आजतागायत प्रसिद्ध झालेली नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी आहतिसारी यांच्याच मध्यस्थीने इंडोनेशियातल्या आचे प्रांतात शांतता करार झाला, आणि तिथे अगदी उलट घडलं. बंडखोरांनी किती हत्यारं द्यायची ते करारातच लिहिलं होतं: ८४०. चार टप्प्यांत ती निरीक्षकांपुढे आली, लोकांदेखत करवतीने कापली गेली, डिसेंबर २००५ मध्ये आकडा पूर्ण झाला. तिथे मोजणी उघड करता आली कारण त्सुनामीने दोन्ही बाजू हतबल झाल्या होत्या आणि सैन्य परत जाण्याचं वेळापत्रक त्याच चार टप्प्यांना बांधलेलं होतं. एकाच मुत्सद्द्याने एका ठिकाणी कुलूप राखलं, दुसरीकडे करवत चालवली.

उत्तर आयर्लंडमध्ये बळाचा मक्ता राज्याकडे आला तो सप्टेंबर २००५ मध्ये नाही. तो आला पोलिसांच्या वाटेने. २००१ मध्ये जुनं दल नव्या नावाने, नव्या बोधचिन्हाने उभं राहिलं. दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांतून करायचा नियम झाला आणि आठ टक्क्यांचं प्रमाण तीसच्या आसपास गेलं. जानेवारी २००७ मध्ये शिन फेनच्या खास अधिवेशनाने या पोलिसांना मान्यता दिली. मला तो ठराव बंकरांवरच्या सगळ्या निवेदनांपेक्षा मोठा वाटतो. त्या मे महिन्यात पेझ्ली आणि मॅकगिनेस एकाच सरकारचे प्रमुख म्हणून शेजारी बसले, जुलैत ब्रिटिश लष्कराची अडतीस वर्षांची मोहीम संपली. प्रॉटेस्टंट संघटनांनी २००९-१० मध्ये, आयोगाची कायदेशीर मुदत संपत आली तेव्हा, आपली हत्यारं नष्ट केली. फुटीर प्रजासत्ताकवादी गटांनी काहीच दिलं नाही; त्यांनी २००९ मध्ये दोन सैनिक मारले, २०१९ मध्ये डेरी शहरातल्या दंगलीत एका पत्रकार तरुणीचा जीव घेतला. आणि २०१५ मध्ये पोलीस आणि गुप्तचरांच्या संयुक्त अहवालाने नमूद केलं की आयआरएचा सांगाडा अजून आहे आणि काही हत्यारं तिच्या आवाक्यात आहेत, पण ती आता लढायला नव्हे, राजकारणावर लक्ष ठेवायला आहे. सरकार या प्रश्नावरून डळमळलं, पडलं नाही.

हॅरल्ड गुड यांना पुढे पुन्हा एकदा साक्षीदार व्हावं लागलं. एप्रिल २०१७ मध्ये स्पेनविरुद्ध चार दशकं लढलेल्या बास्क संघटनेने, ‘एटा’ने, फ्रान्समधल्या बायोन शहरात आपले साठे सोडले, तेव्हा बोलोन्याचे आर्चबिशप मात्तेओ झुप्पी यांच्याबरोबर ते तिथे होते. या वेळी साठ्यांच्या ठिकाणांची यादी फ्रेंच अधिकाऱ्यांकडे गेली आणि त्याच दिवशी पोलिसांनी ती हत्यारं ताब्यात घेतली. त्यांच्यावरच्या खुणा तपासायला तिथे कुठल्या खास कायद्याची आडकाठी नव्हती.